आई दाखवा आधी

डब्यात सहा हजार चारशे.
त्यातले लसींचे वेगळ्या रबरबँडात.

कोपरखैरण्याच्या दुकानात
काचेआड पॉमेरेनियन, डोळ्यांत चिपडं.
"पस्तीस दिवसांचं. आजच न्या, पाचला देतो."
याची आई कुठाय?
तो मोबाइल चाळत राहिला.
मृणूचं नाक काचेला चिकटलेलं;
तिला ओढून बाहेर काढताना
मीच काहीतरी चोरल्यासारखी.

मग दीड महिना काहीच नाही.

ऐरोली, दिवागाव. वैतीकाकूंचा ओटा.
जुन्या गोधडीवर मांदेली,
नावासारखीच किरकोळ, सोनेरी,
पोटाशी तीन लोळे.
विचारायला आले होते मी,
प्रश्न काकूच विचारत सुटल्या.
दिवसा घरी कोण?
गॅलरीला जाळी?
आणि आजारी पडला तर?
नवरा रात्रपाळीला, म्हटलं, दिवसा झोपलेला असतो.
"मग दोघं झोपतील."

पैसे पुढे केले.
त्यांनी रबरबँडवाले तेवढे घेतले.
"बाकीचे असू दे गो, डॉक्टरला लागतील.
अजून तीन आठवडे दूध पिऊ दे त्याला.
रविवारी येत जा, वास ओळखीचा होऊ दे."

मांदेलीने माझा हात हुंगला,
मृणूचा चाटला,
आणि पिल्लांना आडोसा करून
आमच्याकडे पाठ केली.

परतीच्या बसमध्ये
मृणूने शेजारची जागा
तळव्याने झाकून ठेवली.