नियम क्रमांक नऊ

कन्नमवार नगरातल्या शाळेत, चौथी ‘ब’च्या वर्गात
आमची सभा भरते.
बाकं नऊ वर्षांच्या मापाची.
गुडघे पोटाशी घेऊन बसतो आम्ही पालक.
मोठी खुर्ची एकच, ती बाईंची,
आणि दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी माझी.

विषय सहलीचा.
वॉटर पार्क, माणशी अकराशे पन्नास,
की ऐरोलीची खाडी, फ्लेमिंगो,
डबा घरचा, बस धरून दोनशे ऐंशी.

हात वर झाले. सहा.
दुसऱ्या बाजूचे हात. तेही सहा.
परुळेकरांनी पुन्हा मोजले,
जणू कुणाचा तरी तिसरा हात
बाकाखाली राहून गेला असावा.

मग कुणीतरी म्हणालं, अध्यक्षांचं काय?

घटना काढली कपाटातून,
झेरॉक्सची झेरॉक्स, पिनेला गंज.
नियम नऊ : ‘अध्यक्षांनी मतदानात’
आणि पुढे घडी पडून पांढरी पट्टी,
पट्टीच्या शेवटी एक पूर्णविराम,
तो मात्र ठसठशीत.

फिलोमिना डाबरे म्हणाल्या,
अध्यक्ष म्हणजे तराजूची दांडी,
दांडीनं पारड्यात जाऊन बसायचं नसतं.
बनसोडे म्हणाले, वा,
फी त्याही भरतात ना?
खुर्चीवर बसायचं म्हणून आईपण काय
बाहेर चपलांपाशी काढून ठेवायचं?
मुकादम भाभी घड्याळ बघत म्हणाल्या,
द्या नाहीतर नका देऊ,
मला साडेसातला ड्युटीवर जायचंय.

तेव्हा ठरावच टाकला :
अध्यक्षांना मत असावं का?
हात वर. सहा.
हात वर. सहा.
आणि बाराही तोंडं माझ्याकडे वळली.

हसलो. खूप हसलो.
परुळेकरांना तर ठसका लागला,
त्यांना कुणाच्या तरी मुलाची बाटली दिली, मिकी माऊसची.

हसू ओसरलं तशी मी गप्प झाले.
कारण माझं मत मी केव्हाच देऊन बसले होते.
वॉटर पार्कचं रंगीत पत्रक
मीच वाटलं होतं, बाराच्या बारा जणांना.
खाडीचं नुसतं तोंडी सांगितलं, तेही पंखा घरघरत असताना.
कुणी आधी बोलायचं, कुणाचं आवरतं घ्यायचं,
कुठल्या वाक्यावर ‘बरं, पुढे’ म्हणायचं,
सगळं माझ्या हातात.
शेवटच्या बाकावरच्या संगीताताईंनी,
रेवतीच्या आईनं, बोट उचललं होतं मघाशी.
मी म्हटलं, नंतर.
ते नंतर काही आलं नाही.

घरी निनाद रोज जेवताना
त्या निळ्या घसरगुंडीचा फोटो दाखवतो.

खुर्ची मागे सारली. फरशीवर कर्कश आवाज झाला.
जाऊन संगीताताईंच्या शेजारी बसले,
दप्तराच्या कप्प्यावर गुडघा सडकून आपटला.
म्हटलं, माझं राहू दे. तुम्ही काय म्हणत होतात?

मला वाटलं होतं, त्या म्हणतील,
परवडत नाही. खाडीच बरी.
हात त्यांचा खाडीच्याच बाजूनं होता.
मी मनात सगळं जुळवूनसुद्धा ठेवलं,
किती समंजस दिसेन मी आता.

त्या पदर चाचपत म्हणाल्या,
पोरीला पाण्यातच जायचंय हो.
फ्लेमिंगो आमच्या गच्चीवरून दिसतात,
लांबून, पण दिसतात.
पैसे दोन हप्त्यांत चालतील का,
एवढंच विचारायचं होतं मघाशी.

कुणी काही बोललं नाही.
डाबरेबाईंनी पत्रकाची घडी घातली, उलगडली.
मुकादम भाभी ड्युटी विसरून तशाच बसून.
अकराशे पन्नास भागिले दोन,
हे चौथीतल्या मुलालाही येतं,
फळ्यावर सकाळचा भागाकार अजून पुसलेला नव्हता.

परुळेकरांनी पेन वर धरलं,
मग नोंद काय करू?
अध्यक्षांनी मत दिलं, की नाही?

दारात वॉचमन किल्ल्या वाजवत उभा.
मी गुडघा चोळत होते.
म्हटलं, हप्त्यांचं लिहा.
बाकीचं पुढच्या महिन्यात बघू.
आणि ती खुर्ची जागेवर ठेवा कुणीतरी,
सोमवारी बाईंना लागेल.