भाजलेलं पीठ

मॅगेलनपलीकडच्या त्या माळावर
आमच्याआधी वाराच जेवून घ्यायचा आमच्या ताटात.
घेवड्याच्या रश्शावर वाळूचा तवंग,
डब्यातला बांगडा, तोही अर्धा गोठलेला,
आणि पाव असा, की ओनोफ्रेनं संगिनीनं
त्यावर बहिणीचं नाव कोरून ठेवलं होतं.
महिनाभर टिकलं.

साल अठ्ठ्याहत्तर. आम्ही एकोणिसाचे.
समोर कुंपण, कुंपणापल्याड अर्जेंटिनाची पोरं,
तीही खंदकच खणत होती.
वारा नेहमी इकडून तिकडे.
आमचा घेवडा रोज त्यांच्या नाकात. बिचारे.
दोनदाच फिरला वारा,
आणि निखाऱ्यावरच्या बरगड्यांचा वास आला.
त्या दोन दिवशी मात्र
आम्हाला त्यांचा खरोखर राग आला.

नाताळच्या आधी तीन दिवस
लेफ्टनंट येऊन म्हणाला, आज रात्री.
एवढंच. पुढचं विचारायचं नसतं.
कॉर्पोरल बार्रिया, आमचा आचारी, चिलोए बेटावरचा,
किल्ल्यांचा जुडगा घेऊन कोठारात गेला.
"उरवून ठेवू कुणासाठी?"
तीन मेंढ्या. डुकराची सगळी चरबी.
कर्नलच्या नावाचं लेबल लावलेलं हॅम.
नाताळचे मनुके, आटवलेलं दूध,
सरबतातले पीच, माणशी एक डबा, अख्खा.

दहा वाजले तरी उजेड होता तिथे.
आम्ही न बोलता खाल्लं.
बंदुकांचे दस्ते तुपकट झाले.
ओनोफ्रेनं डबा तोंडाला लावून पाक प्यायला
आणि हनुवटी पुसली नाही.
तसं जेवण मी पुन्हा जेवलो नाही.
लग्नातही नाही.

पहाटे गारठा, पांढरा चिखल,
आणि निरोप: होणार नाही.
कुणी आरडाओरडा केला नाही आनंदानं.
ओनोफ्रे कुंपणापाशी जाऊन ओकला.
बार्रिया कोठारात मोजत बसला:
भाजलेल्या पिठाची दोन पोती.
बाकी फळ्या.

ट्रक यायला सव्वीस दिवस लागले.
सकाळी पीठ पाण्यात, रात्री पीठ पाण्यात.
साखर नाही. गुठळ्या बोटानं फोडायच्या.
आम्ही बार्रियाच्या आईचा उद्धार केला,
तो ऐकून घ्यायचा, ढवळत राहायचा.
एकदाच म्हणाला, "मला वाटलं…"
आणि पळी पातेल्यावर आपटली.

आता एदुविना वाढदिवसाला मेंढी भाजते,
टेबल भरून जातं, सुना हसतात,
आणि माझं लक्ष दाराकडे.
कुणीतरी येईल, म्हणेल, आज रात्री.
सगळे निजल्यावर स्वयंपाकघरात
कपभर पाण्यात दोन चमचे पीठ.
तिला सांगतो, पोट बरं नाही.

बार्रिया भेटला होता एकदा, कास्त्रोच्या बाजारात,
लसणाच्या माळा विकत. ओळख पटायला वेळ लागला.
माझा हात धरून म्हणाला,
"त्या सव्वीस दिवसांचं मनात ठेवू नकोस, पोरा."
मी पन्नाशीचा. पोरा.
म्हटलं, ते राहू दे.
पीठ कुठल्या गिरणीचं होतं, तेवढं सांग.