स्टर्लिंग, दीड दिवस

करुणानं रजा काढलीय : शनिवार पूर्ण, रविवार दुपारपर्यंत.
फोनवर म्हणाली, पप्पा, स्टर्लिंगला जाऊ. गाव छोटंसंच,
किल्ला आहे, नदीवर जुना पूल आहे, चालत होतं सगळं.

माझ्या रिक्षात सीटमागं कार्ड लावलंय, लॅमिनेशन केलेलं :
अकरा ठिकाणं, पाच तास, वेटिंग वेगळं.
सव्वीस वर्षं नाशिकरोडला उतरलेल्यांना
मी नाशिक पळत दाखवलं.
सीतागुंफेला वीस मिनिटं. तपोवनात पंधरा.
चला मावशी, गाडी चुकेल.

आता पॅसेंजर मीच.
रात्री स्टँडवर, लाइटबिलाच्या पाठीवर मांडतो :
किल्ला, दोन तास. चर्च, अर्धा. पूल
आणि पेन तिथंच थांबतं.

पूल दाखवायचे कुणी पैसे देत नाही.
पण भाडं नसलं की मी होळकर पुलावर जातो,
कठड्याला टेकून खाली बघतो :
बाया गोधड्या आपटतायत,
एक पोरगं चप्पल हातात धरून पाण्यात उभं.

आणि लेण्या. कार्डावर पांडवलेणी,
मीच छापून घेतलंय, गिऱ्हाइकाला कळावं म्हणून.
घरात आम्ही त्रिरश्मी म्हणतो.

करुणाला व्हॉइस मेसेज टाकला :
किल्ल्याचं तू बघ.
मला पुलावर तासभर सोड.
आणि तिथलं एखादं म्हातारं माणूस गाठून
तुझ्या इंग्रजीत विचार,
त्या टेकडीला ते घरात काय म्हणतात.
लगेच नाही सांगितलं तर थांबू.
वेटिंग माझ्याकडून.