राजीनामा, मुक्काम लश्कर

मंडळानं मला पाठवलं,
कारण मी त्यांची सूनही नाही, मुलगीही नाही,
नुसती खजिनदार.
टाइप केलेला कागद, खाली सहीपुरती जागा.

दौलतगंजाच्या तोंडाशी गजक कुटत होते,
धप्, धप्, तिळाचा वास जिन्यापर्यंत.
अप्पा चांदोरकर दुलईत, पायाशी हीटर,
त्याची एक कांडी जळालेली.
सत्तावीस वर्षं अध्यक्ष.
मागच्या सभेत दोनदा झोपले
आणि दोनदा जागे होऊन म्हणाले, "मंजूर."

कागद वाचला. चष्मा काढून पुन्हा वाचला.
"हा शब्द मी चाळीस वर्षं लिहिला,
इंदरगंजात, कचेरीच्या लिंबाखाली,
एका रुपयाला, मग पाचाला, मग पन्नासाला.
पण हिंदीत.
तिथं राजीनामा म्हणजे तडजोड.
दोन भाऊ, एक नाली, सात वर्षांचा दावा,
शेवटी दोघं एकाच सतरंजीवर अंगठे उठवायचे,
मी शाई पुसायला फडकं द्यायचो.
घरी येऊन आईला सांगायचो, आज तीन राजीनामे झाले.
ती मराठीत घाबरायची:
अगबाई, तिघांची नोकरी गेली?"

मी हसले. ते नाही हसले.

"शब्द तोच. फारसीतून आलेला.
राजी असल्याचा कागद, बस.
यात राजा नाही, बरं का."
(मला आतापर्यंत वाटत होतं, असेल.
राज्य सोडतात, म्हणून राजीनामा.)

"आणि इकडचा तो इस्तीफा,
त्याच्या पोटात माफी आहे.
मी कुणाची मागायची?
हॉलच्या गळक्या पत्र्यांची?"

मग बराच वेळ काहीच नाही.
मग ट्रंकेकडे हात: आजोबा नाशकाकडून आले
जमिनीचा तुकडा चुलत्याला सोडून,
त्याचे कागद होते तिच्यात, वाळवीनं खाल्ले.
एकाचा राजीनामा, दुसऱ्याची कबुलायत,
एकाच दोऱ्यानं शिवलेले.
एकानं लिहायचं, सोडतो.
दुसऱ्यानं लिहायचं, घेतो, आणि सारा भरतो.
"नुसतं सोडलं तर रान पडीक पडतं, पोरी.
तुझी कबुलायत कुठाय?"

तसं तर मी फक्त कागद आणलाय, मी म्हटलं.

"ते तर दिसतंच आहे."

सारा म्हणजे काय, ते मला तोंडपाठ होतं:
दोन वर्षांचं वीजबिल,
हार्मोनियमचा फाटका भाता,
चौदा सभासद, त्यांतले पाच भिंतीवर, हारात.

कागद उलटला.
मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं,
मी, वासंती गुळवणी,
आणि पेन थांबलं.
घेते, लिहू?
की, घ्यायला राजी आहे?
शब्द कधी सरकून माझ्या बाजूला आला
कळलंच नाही.

अप्पांनी उशीखालून किल्ल्या काढल्या.
दिल्या नाहीत.
मुठीत धरून पाय खाली सोडले, गार फरशीवर.
"पायउतार," म्हणाले, "हा मात्र आपला.
घोड्यावरून उतरायचं तर
आधी कुणी तरी लगाम धरावा लागतो."

पायांनी मोजे चाचपत होते.
मी आधी मोजे दिले.