किल्ल्या माझ्याकडे

पालकसभेची चिठ्ठी दर महिन्याला जाते,
दर महिन्याला सहीविना परत येते.
बाई म्हणतात, या लोकांना शाळेचं काही पडलेलंच नाही.
मी इदालिना. झाडते, पुसते, घंटा देते.
माझं मत कुणी विचारत नाही.
पण साओ तेओतोनियुच्या याच रस्त्यावर मी राहते,
मला दिसतं:
सभा चारला,
आणि रास्पबेरीच्या प्लॅस्टिक-बोगद्यांतून
नेपाळ्यांची गाडी सुटते साडेसातला.

शेवटी म्हटलं, आठला घ्या.
मुख्याध्यापक म्हणाले, त्या वेळी दार कोण उघडणार?
किल्ल्या माझ्याकडे, म्हटलं. आणखी कोण.

अकरा जण आले.
नखांत लाल रस, पायांत अजून रबरी बूट.
पहिलीच्या खुर्च्यांवर बसले, गुडघे हनुवटीशी.
बराच वेळ नुसता दिव्यांचा आवाज.

मग यमकला घर्तीनं काहीतरी विचारलं.
दुभाषी तिचीच प्रशंसा, वय वर्षं बारा:
"आई विचारते, शाळा किती वाजता भरते?"
"नऊला," बाई म्हणाल्या.
यमकलानं मान हलवली. नाही.
आकडे तिला येतात,
दिवसभर मुकादम क्रेट तोलतो आणि तेच ओरडतो.
तिनं आकडा विचारलाच नव्हता.

पोरीचे कान तापले.
आई उभी राहिली. होते नव्हते ते
आमच्या भाषेतले शब्द गोळा केले:
"सुट्टी. माझी मुलगी. कोणाबरोबर?"

बाईंनी वही उघडली.
वहीत मार्क होते, हजेरी होती.
वही मिटली.

माझी आई लियोनच्या शाळेत
फाटकापर्यंतच यायची.
ओल्या हातांनी माझी कॉलर नीट करायची, वळायची.
बरंच झालं, तिनं कधी विचारलं नाही.

"माझ्याबरोबर," मी म्हटलं.
"बादल्यांच्या खोलीत. रोज.
माझ्या किल्ल्या मोजते, नेपाळीत."

हे प्रशंसानं आईला सांगितलं नाही.
यमकला माझ्या जुडग्याकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी बादल्यांच्या खोलीला मी कुलूप घातलं.
चांगलं केलं की वाईट, अजून कळत नाही.
पोर अंगणाच्या मधोमध उभी,
हात कुठे ठेवावेत ते न सुचून.
आणि पलीकडून बाई निघाल्या होत्या तिच्याकडे,
भरभर,
कपातली कॉफी फरशीवर सांडत,
जी मी नुकतीच पुसली होती.