तिसरा सिलिंडर

सकाळी साडेसातला, कोडोलीच्या एमआयडीसीत
माझं शटर अर्धंच वर गेलेलं असताना
तिची गाडी आली, हुडहुडी भरल्यासारखी.
फाळके डॉक्टरीण. जनावरांच्या.
"पुन्हा तेच," म्हणाल्या, चावी बाकावर टाकली
आणि न्यायला आलेल्या जीपमधून रहिमतपूरकडे गेल्या.
कुणाची तरी म्हैस अडली होती.

"पुन्हा" हा शब्द माझ्यासाठी होता.

दिवाळीच्या आधी मी तिसऱ्याची कॉइल बदलली.
संक्रांतीला चारही प्लग.
मग इंजेक्टर धुऊन दिला, त्याचे वेगळे घेतले.
दर वेळी दुपारी पोवई नाक्यापर्यंत फिरवून आणली,
दर वेळी गाडी शहाण्यासारखी वागली.

यंत्र जोडलं. पडद्यावर तेच: तिसरा चुकतोय.
चूक कुणाची ते सांगतं. का, ते सांगत नाही.
"शेठ, कॉइल?" सुभान म्हणाला.
शिकलगारांचा पोरगा, माझ्याकडेच शिकला, म्हणून तसं म्हणाला.
तिसऱ्याची कॉइल दुसऱ्यावर चढवली, दुसऱ्याची तिसऱ्यावर.
दोष जागचा हलला नाही,
बांधावरच्या दगडासारखा.

मग कूलंटची टाकी पाहिली. खुणेच्या खाली दोन बोटं.
डिकीत पाण्याच्या चार बाटल्या,
एकीवर डॉक्टरणीच्या अक्षरात: पिण्याचे नाही.
किती दिवस भरत होत्या, बोलल्या नाहीत.
मीही विचारलं नव्हतं.

गाडीखाली पुठ्ठा सरकवला. कोरडा.
पंपाखालून बोट फिरवलं. कोरडं.
टर्बोकडे जाणारी नळी, तिचा पोकळ बोल्ट, तांब्याचे वायसर
आरसा धरून पाहिले: गुलाबी ओघळ नाही, पांढरी पूड नाही.
हीटरच्या सांध्यासाठी पायाखालचा गालिचा उचलून हुंगला.
नुसता शेणाचा वास.
पाणी जातंय, पण सांडत नाही.
म्हणजे आतलं कुणीतरी पितंय.

टाकीच्या तोंडाला हातपंप लावला,
काटा पंधरा पौंडांवर नेला
आणि थांबलो.
हे थांबणंच मी तीनदा टाळलं होतं.
गिऱ्हाईक टपरीवर चहा संपवून घड्याळ बघतं
आणि हाताला बदलायला काहीतरी हवं असतं.

अजिंक्यताऱ्यावरचं वाळलं गवत दुपारी तांबूस दिसायला लागलं, तेव्हा काटा चौदावर.
शटर ओढताना साडेबारा.
रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी नऊ.

प्लग काढले.
पहिला, दुसरा, चौथा: भाजल्या शेंगदाण्याच्या सालासारखे.
तिसरा पांढराफटक,
घासून पालथं घातलेल्या भांड्यासारखा.
भोकातून कॅमेऱ्याची तार सोडली.
पिस्टनच्या डोक्यावर थेंबभर पाणी, फिकट गुलाबी,
तिच्या बाटल्यांनी पातळ झालेलं.

हेडचं गॅस्केट.
बोटाच्या नखाएवढ्या जाडीची ती पट्टी
आग एकीकडे, पाणी एकीकडे ठेवते.
यवतेश्वर चढताना टर्बो दाब देत राहिला, ती एका जागी दमली.
रात्री गाडी निवताना पाणी तिसऱ्यात झिरपायचं,
सकाळी पहिली दोन मिनिटं तो गुदमरायचा,
मग वाफ. मग सगळं ठीक.
आणि मी बघायचो दुपारी.

संध्याकाळी त्या आल्या. कोपरापर्यंत ओरखडे, डेटॉलचा वास.
मी सांगितलं. तिन्ही बिलांचंही सांगितलं.
त्या प्लगकडे बराच वेळ बघत राहिल्या.
"सकाळी लंगडणारी गाय दुपारी बघून काय कळणार?"
रागानं नाही. दमून.

म्हैस कशी आहे, मी विचारलं.
"म्हैस आहे. रेडकू गेलं.
आधीच्यानं नुसती इंजेक्शनं दिली होती. तीन."

मग चहा आला. कुणी काही बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी हेड उतरवायच्या आधी
फळीवरच्या डब्यातून दिवाळीला काढलेली जुनी कॉइल शोधली.
सुभान बघत होता.
पुसली. तिसऱ्याला नाही, चौथ्यावर लावून पाहिली.
चालते.