सकाळच्याला

टेबलावर स्पेन पसरायचा
तर आधी लोणच्याची बरणी उचलावी लागते.
ताटं आत गेली, फडकं फिरलं,
आणि विद्याधरने लॅपटॉप उघडला.
दहा दिवस, तीन शहरं, तक्ता तयार.
सातला नाश्ता. सव्वाआठला संग्रहालय.
प्रत्येकाला एक रंग. मुलांना हिरवा.

ओजस विचारतो, "बाबा, सात म्हणजे कुठले सात?"

खाली सिंहगड रोडवर कुणीतरी
एकच हॉर्न धरून बसलाय.

ओजसला बार्सिलोनाचं स्टेडियम बघायचंय.
मॅच नाही. मॅचची तिकिटं परवडत नाहीत
हे त्याने स्वतःच हिशोब करून सांगितलं.
"मग रिकामं स्टेडियम काय बघायचं?"
"तुम्ही नाही का रिकामे किल्ले बघत?"
राजगडाला तीनदा ओढून नेलेला मुलगा
चौदाव्या वर्षी असा वसूल करतो.

मृण्मयीच्या एका कानात गाणं आहे,
दुसरा कान आमच्यासाठी.
"मला काहीही चालेल," म्हणते,
म्हणजे काहीही चालणार नाही.
मग बऱ्याच वेळाने, नखाकडे बघत :
"एक संध्याकाळ मला एकटीला द्या.
सेव्हिलमध्ये. फोन चालू ठेवीन."

विद्याधरची खुर्ची करकरली.
"अनोळखी शहरात?"
"अनोळखी आहे म्हणूनच तर.
इथे कर्वे रोडला कुणाबरोबर चहा प्यायले
तर तो संपायच्या आत
आत्याचा फोन येतो."

यावर आत्याच्या भावाकडे
उत्तर नव्हतं.

मी शंभराने गुणत बसते.
कॉफी तीनशे. पाण्याची बाटली दोनशे.
चौघांचा एक साधा नाश्ता
म्हणजे आमच्या कामवाल्या शेवंताबाईंचा अर्धा पगार,
हे मी मोठ्याने म्हणत नाही.
गुणाकार मात्र थांबत नाही.

दुपारी दोन ते पाच दुकानं बंद
हे वाचून विद्याधर आठवड्यात पहिल्यांदा हसला.
"आपलीच माणसं!"
आणि रात्रीचं जेवण दहाला,
हे वाचून मुलं.
एक आख्खा देश आहे म्हणजे
त्यांच्या घड्याळावर चालणारा.
तक्त्यातले सात
तेव्हाच सव्वानऊ झाले.

व्हिसाच्या फोटोंसाठी शनिवारी गेलो होतो.
फोटोवाला म्हणाला, "कान दिसू द्या. हसू नका."
मृण्मयीने केस मागे घेतले
आणि तिचे कान मला
कितीतरी वर्षांनी पूर्ण दिसले.
डाव्या पाळीला तिसरं भोक.
कधी टोचलं, विचारलं नाही.

अज्ञान मुलांच्या अर्जावर
आई-वडील दोघांची सही लागते.
मी दोन्हीकडे केली.
नंतर तारखा जुळवताना लक्षात आलं,
आठव्या दिवशी तिला अठरा पूर्ण होतात.
जाईल ती आमच्या सहीवर,
येईल स्वतःच्या.

"मान्याना म्हणजे काय?" ओजस, मोबाईलवरून डोकं न काढता.
"उद्या," मी म्हटलं. "आणि सकाळसुद्धा. एकच शब्द.
आमच्या फलटणकडे नाही का,
सकाळच्याला ये म्हटलं
की माणूस उद्या येतो."

मृण्मयीने कानातलं काढलं.
"तुला स्पॅनिश येतं?"
"कॉलेजात सहा महिने.
संध्याकाळचा वर्ग. मग सुटला."
"का सुटला?"

विद्याधरसुद्धा बघायला लागला माझ्याकडे.
त्यालाही हे नवीनच.

मी म्हटलं, दूध वर येतंय,
आणि आत गेले.
दूध वर येत नव्हतं.

साडेअकराला सगळे झोपल्यावर
(मुलं झोपली असं धरून चालायचं असतं)
तक्ता पुन्हा उघडला.
दिवस आठवा. पाच ते नऊ.
तिथे विद्याधरने लिहिलं होतं :
कॅथेड्रल, सर्वजण.

कॅथेड्रल सकाळी सरकवलं.
सर्वजण खोडलं.
चौकटीतला हिरवा रंग काढला,
कुठलाच भरला नाही.
मग शेजारच्या ओळीत,
पाच ते सहा, एकच तास,
माझीही एक चौकट पांढरी केली
आणि विचार बदलायच्या आत
लॅपटॉप मिटला.